वाचून दाखवणारी मुलं

मी पाचवीत असताना आमच्या मोहल्ल्यात माझ्याकडे एक पद होतं. त्याला पगार नव्हता आणि नावही नव्हतं. दुपारी शाळेतून आलो की दादी पितळी डब्याखाली जपून ठेवलेला एखादा कागद काढायची, माझ्यासमोर धरायची आणि म्हणायची, “क्या लिख्याय रे, पढ के बोल.” कधी विजेचं बिल असायचं, कधी नगरपालिकेची घरपट्टीची नोटीस, कधी सरकारी दवाखान्याचा केसपेपर. दादीला उर्दू अडखळत वाचता यायची. अब्बा मराठी अस्खलित बोलायचे, पण लिहायचे फक्त सहीपुरतं. घरात मराठीतला सरकारी कागद वाचू शकणारा मी पहिला माणूस होतो आणि माझं वय होतं दहा.

हळूहळू शेजारच्या खाला यायला लागल्या, मग मागच्या गल्लीतले रद्दीवाले चाचा. एकदा तर चाचांना आलेली बँकेची नोटीस वाचून मी इतका घाबरलो की अर्धी सांगितली आणि अर्धी गिळून टाकली. चाचांच्या ते लक्षात आलं. ते हसले आणि म्हणाले, “पूरा पढ बेटा, डर मत. कर्ज मेरा है, तेरा नहीं.”

सांगली जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावातून मी पुढे पुण्यात आलो, इंजिनिअर झालो, आता दहा-बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. ‘समाजाला काहीतरी परत द्यायला हवं’ हे वाक्य मी या काळात असंख्य वेळा ऐकलं आणि बोललोही. पण मुलांनी आणि कुटुंबांनी मिळून समाजाला काय द्यावं, हा प्रश्न स्वतःला विचारला तेव्हा एकाही भाषणाची आठवण झाली नाही. दादीचा पितळी डबा आठवला.

आपल्या घरात देण्याची परंपरा कमी आहे असं कुणीही म्हणणार नाही. वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीवर अडीच टक्के जकात, ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे काढायचा फितरा, कुर्बानीच्या गोश्तातला गरिबांचा वाटा, शेजारी जाणारा शीरखुर्म्याचा डबा. ही शिस्त मोलाची आहे आणि तिच्यावर कित्येक घरांच्या चुली पेटतात. पण लहान मुलाच्या डोळ्यांनी हे सगळं बघा. त्याच्या हातात अम्मी दहा रुपये ठेवते आणि सांगते, दारात उभ्या असलेल्या फकीरबाबाला दे. मूल धावत जातं, पैसे देतं, दुवा घेतं आणि परत येतं. ही कृती वाईट नाही. मात्र यातून ते तीन गोष्टी शिकतं. देणं म्हणजे पैसे. देणारा उंबऱ्याच्या आत असतो आणि घेणारा बाहेर. आणि देणं ही मोठ्यांची गोष्ट आहे, आपण फक्त मधला हात आहोत.

या तिन्ही समजुती मोठेपणी आपल्याला नडतात. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला वाटतं, आपल्याकडे देण्यासारखं काही नाही. ज्याच्याकडे आहेत तो वर्षातून एकदा हिशेब करतो आणि उरलेले अकरा महिने मोकळा होतो. मीही नोकरी लागल्यावर पहिली पाच-सहा वर्षं असाच होतो. रमजानमध्ये जकातीचा आकडा काढायचो, गावाकडच्या जमातीला ऑनलाइन पैसे पाठवायचो आणि समाजाचं देणं फिटलं असं मानायचो. आपल्याच परंपरेत रस्त्यातला काटा किंवा दगड बाजूला करणं हासुद्धा सदका मानला आहे. काटा कुणाच्या पायात रुतणार होता, त्याचा धर्म कोणता, ही चौकशी त्यात नाही. आणि काटा उचलायला वयाची अटही नाही.

‘परत देणं’ हा शब्द नीट घेतला तर आधी एक हिशेब करावा लागतो : घेतलं कुणाकडून? मी एकदा रविवारी बसून माझ्या पदवीची उधारी लिहून काढली. प्राथमिक शिक्षण नगरपालिकेच्या मराठी शाळेत. आठवीपासून एसटीचा सवलतीचा पास. घरी एकच खोली, म्हणून बारावीपर्यंतचा अभ्यास गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या अभ्यासिकेत. गणिताचे सर संध्याकाळी घरी बोलावून शिकवायचे आणि फीचा विषय काढला की रागवायचे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी जमातीतल्या काही मंडळींनी बिनव्याजी उसने दिलेले पैसे. नंतर शिष्यवृत्ती. या यादीत जमात आहे, पण ती एक ओळ आहे. बाकीच्या ओळी सगळ्या गावाच्या, राज्याच्या, करदात्यांच्या आहेत. त्यात सर आहेत, वाचनालयाचे ग्रंथपाल आहेत, माझा पास बघून मागची सीट दाखवणारे कंडक्टर आहेत. घेतलं सगळ्यांकडून असेल तर परत फक्त आपल्या मोहल्ल्याला कसं देता येईल?

ही यादी मी माझ्या मुलीला वाचून दाखवली. ती तेव्हा दहा वर्षांची होती. तिनं विचारलं, “मग तू त्यांना काय दिलंस?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर काही महिन्यांनी एका नकारातून आलं. आमच्या इमारतीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज अडकला. मुलगी हुशार, घरची परिस्थिती बेताची, कागद सगळे होते. पण दहावीच्या गुणपत्रिकेवर तिचं आडनाव एका स्पेलिंगनं होतं, आधारवर दुसऱ्या आणि बँकेच्या पासबुकावर तिसऱ्या. वडिलांच्या नावाचा पहिला शब्द एका ठिकाणी पूर्ण लिहिलेला, दुसरीकडे तुटक. दुरुस्त्या करून होईपर्यंत मुदत गेली. त्या वर्षीची फी वडिलांनी उसनवारीवर भरली आणि धाकट्या भावाची शिकवणी बंद झाली.

माझ्या कामाची जागा नेमकी हीच आहे, म्हणून मला ते जास्त लागलं. संगणक नाव ओळखत नाही, तो अक्षरं जुळवतो. ‘शेख’ इंग्रजीत एका कागदावर ए-आयनं लिहिला आणि दुसऱ्यावर ई-आयनं, तर आपल्या दृष्टीनं तो एकच माणूस; संगणकाच्या दृष्टीनं दोन. उच्चारावरून नावं जुळवण्याची साउंडेक्स नावाची पद्धत अमेरिकेत 1918 सालीच पेटंट झाली होती, पण ती इंग्रजी उच्चारांसाठी बेतलेली. आपली नावं अरबी-फारसीतून उर्दूत, उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत असा तीन लिप्यांचा प्रवास करतात आणि प्रत्येक नाक्यावर थोडी बदलतात. उर्दूतला ‘झेड’चा उच्चार मराठीत कुणी ‘ज’नं लिहितो, कुणी ‘झ’नं. मग रजिया आणि रझिया या दोन मुली होतात आणि इंग्रजीत गेल्यावर तीन. कादरी कधी ‘के’नं, कधी ‘क्यू’नं. मोहम्मद, मुहम्मद, मोहंमद. बायकांच्या नावापुढे कुणी ‘बी’ लावलं, कुणी ‘बेगम’, कुणी ‘बानू’, आणि पुढच्या कारकुनानं ते गाळलं. यात कुणाचा कट नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी कानावर पडलं तसं लिहिलं आणि आजोबांनी अंगठा उठवला. पण त्याची किंमत नातीनं मोजली.

आणखी एक साधी गोष्ट आपल्या लक्षात नसते. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते आणि दवाखान्यात जन्म झाला तर ती बहुतेक वेळा होतेही. पण तेव्हा बाळाचं नाव ठरलेलं नसतं. नोंदीत आई-वडिलांचं नाव असतं, बाळाच्या नावाची जागा कोरी राहते. एक वर्षापर्यंत ते नाव विनाशुल्क घालता येतं, त्यानंतर विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यानं तर त्या तारखेनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारनोंदणीपर्यंत जन्माचा दाखला हाच मुख्य पुरावा केला आहे. म्हणजे आज कोरी राहिलेली जागा पंधरा-वीस वर्षांनी त्या मुलाच्या वाटेत उभी राहणार.

त्या प्रसंगानंतर आम्ही घरापासून सुरुवात केली. एका रविवारी आमच्या घरातले सगळे कागद जमिनीवर मांडले आणि मुलीला म्हणालो, वर्तमानपत्राच्या पुरवणीत ‘फरक ओळखा’ असतं ना, तसं खेळू. तिनं एका कागदावर रकाने आखले. डावीकडे घरातल्या माणसांची नावं, वरती कागदांची : जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड, बँक, मतदार ओळखपत्र. प्रत्येक चौकटीत नाव जसं छापलंय तसंच उतरवायचं, आपल्याला माहीत आहे तसं नाही. अर्ध्या तासात तिनं एकूण नऊ फरक शोधले. त्यातले दोन माझ्या स्वतःच्या कागदांवरचे होते. इतकी वर्षं कंपन्यांसाठी लोकांची माहिती स्वच्छ करून देणाऱ्या माणसाच्या जन्मतारखेत दोन कागदांवर एका महिन्याचा फरक होता!

मुलांना हे काम आपल्यापेक्षा चांगलं जमतं. मोठी माणसं नाव ओळखीनं वाचतात, त्यामुळे चूक डोळ्यांना दिसत नाही. मुलं अक्षर न् अक्षर वाचतात. पुढच्या महिन्यात इमारतीतली आणखी चार मुलं-मुली आली आणि दर दुसऱ्या रविवारी, जोहरच्या नमाजानंतर आणि दुपारच्या जेवणानंतर, पार्किंगमध्ये दोन टेबलं लागायला लागली. मुलं तक्ता करतात, फरक शोधतात, पेन्सिलीनं खूण करतात. मोठ्यांपैकी दोघं-तिघं पुढचं बघतात : कुठल्या दुरुस्तीसाठी कुठला अर्ज, महापालिकेत जायचं की सेवा केंद्रात, आधी कोणता कागद दुरुस्त करायचा म्हणजे बाकीचे त्याच्या आधारे होतील.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट खटकली. मुलगे टेबलावर बसले आणि मुली चहाचे कप नेऊ-आणू लागल्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. माझ्या मुलीनं ट्रे माझ्या हातात दिला आणि ती खुर्चीवर जाऊन बसली. तेव्हापासून चहा ज्याला हवा तो स्वतः घेतो. देण्याच्या कामातही घरातली जुनी वाटणी अशी गुपचूप शिरते. तिला पहिल्याच दिवशी हटकलेलं बरं.

काही नियम आम्हाला करावे लागले आणि ते मी माझ्या व्यवसायाच्या अनुभवावरून फार आग्रहानं सांगतो. दुसऱ्याच्या कागदाचा फोटो काढायचा नाही. काढावाच लागला तर त्याच्याच फोनमध्ये. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणाचंही आधार टाकायचं नाही. द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यायची. फोनवर येणारा ओटीपी मुलानं विचारायचा नाही आणि ऐकला तरी लिहायचा नाही. टेबलावर ऐकलेली गोष्ट, कुणाचं उत्पन्न किती, कुणाचा तलाक झाला, कुणाच्या वडिलांचं नाव कोरं आहे, ही टेबलावरच राहते. मदत करताना माणसाची अब्रू सांभाळणं हा मदतीचाच भाग आहे. मुलांना हे समजतं. बँकेची नोटीस अर्धी गिळणाऱ्या मलाही ते दहाव्या वर्षी समजलं होतं, फक्त चुकीच्या पद्धतीनं.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी आमच्याकडे घरकाम करणाऱ्या ताई आल्या. त्या बीड जिल्ह्यातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या. लग्नात सासरच्यांनी त्यांचं पहिलं नावसुद्धा बदललं होतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, बँकेत तिसरंच. त्यांच्यामागून वॉचमन आले, मग समोरच्या चाळीतली दोन कुटुंबं. नावाचा घोटाळा ही आपल्या समाजाची खास अडचण आहे असं मी समजत होतो. महाराष्ट्रात लग्न झालेल्या बहुतेक प्रत्येक बाईच्या कागदांत तो आहे, हे मला त्या टेबलानं शिकवलं.

तेव्हा इमारतीतल्या एका ज्येष्ठांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पहले अपने लोगों का करो बेटा, उनका करने वाले बहुत हैं.” त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, काळजी होती. आपल्या वस्तीत काम करायला बाहेरून कुणी येत नाही हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव होता आणि तो खोटा नाही. पण मी त्यांना माझी उधारीची यादी दाखवली. गणिताच्या सरांनी ‘आधी आपले’ असा हिशेब केला असता तर हे टेबल लागलंच नसतं. ते काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी मात्र टेबलाजवळ खुर्ची ओढून बसले आणि जुन्या उर्दू निकाहनाम्यांतली नावं मुलांना वाचून द्यायला लागले. मुलांना येत नव्हतं असं वाचन त्यांच्याकडे होतं.

दुसरी चूक माझी स्वतःची. ऑफिसमधला एक मित्र म्हणाला, “याचे फोटो टाक ना, सध्याच्या वातावरणात चांगला मेसेज जाईल.” मी टाकला. टोपी घातलेला मुलगा आणि टिकली लावलेल्या ताई एकाच कागदावर वाकलेल्या आहेत, असा फोटो. भरपूर लाइक्स आले, ‘हाच खरा भारत’ अशा प्रतिक्रिया आल्या. संध्याकाळी मुलीनं विचारलं, “अब्बा, ताईंना विचारलं होतंस का?” नव्हतं विचारलं. मी फोटो काढून टाकला आणि दुसऱ्या दिवशी ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “अहो, माझ्या नणंदेनं बघितला. आता सगळ्या गावाला कळलं की माझे कागद चुकीचे आहेत.”

तरुण मित्रमैत्रिणींनो, यावर आपण थोडं थांबून बोलायला हवं. आज आपल्यापैकी अनेकांवर सतत एक न लिहिलेली परीक्षा असते. आपण चांगले आहोत, या देशाचे आहोत, हे सिद्ध करून दाखवण्याची. त्या दडपणाखाली आपली प्रत्येक चांगली कृती प्रमाणपत्राच्या अर्जासारखी होते. पूर आला, धावून गेलो, फोटो. रक्त दिलं, फोटो. पण मूल हे बघतं आणि शिकतं की मदत ही समोरच्या गरजूसाठी नसते, तिसऱ्याच कुणीतरी बघावं म्हणून असते. शिवाय प्रमाणपत्र मागणाऱ्याचं समाधान कधी होत नाही. हे गाव माझं आहे, म्हणून त्याच्या कामात माझा हात आहे. एवढं कारण पुरेसं मानायला आपण आपल्या मुलांना शिकवलं पाहिजे.

मे 2020 मध्ये इचलकरंजीच्या मुस्लिम समाजानं रमजानच्या काळात जमा केलेले 36 लाख रुपये तिथल्या इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभाग उभारण्यासाठी दिले. त्यांची बातमी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण मला त्यात सर्वांत महत्त्वाचं हे वाटतं की ते पैसे सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या खाटेवर कोण झोपणार हे देणाऱ्यांनी ठरवलं नाही. ज्याचा श्वास अडकला त्याची खाट.

आणखी मागे जाऊ. सावित्रीबाई फुले 1856 साली आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. 10 ऑक्टोबरला तिथून त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. त्यात फातिमाचा उल्लेख येतो : आपण नसल्यामुळे तिला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा. फातिमा शेख यांच्याविषयी आज बरंच बोललं जातं, वादही घातला जातो. मला मात्र त्या पत्रातली एवढीच गोष्ट पुरते. एक बाई आजारी आहे, दुसरी तिच्या वाटचं काम ओढते आहे आणि पहिलीला तिचा भरवसा आहे. समाजाला देणं याहून वेगळं काय असतं?

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःवर घेतो. कागद नीट करणं हे सरकारचं काम नाही का? आहे. मुलांना हाताशी धरून आपण यंत्रणेची चूक झाकतोय का? तसं होऊ नये म्हणून आम्ही टेबलावर आणखी एक वही ठेवली. कुठल्या प्रकारची चूक किती वेळा आली, दुरुस्तीला किती फेऱ्या पडल्या, याची नावांशिवाय नोंद. ती वही घेऊन आम्ही आमच्या प्रभागातल्या नगरसेवकांकडे गेलो आणि नावं नोंदवताना कर्मचाऱ्यांनी कुटुंबाला लिहिलेलं वाचून दाखवावं, एवढी साधी मागणी केली. निवेदन मुलांनी लिहिलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. आम्ही विचारत राहणार आहोत. खैरातीत आणि नागरिकत्वात इथे फरक पडतो. खैरात घेणाऱ्याची आजची अडचण भागवते. नागरिक ती अडचण उद्या दुसऱ्याला येऊ नये म्हणून विचारणा करतो. संविधानात 1976 साली घातलेल्या 51 अ या कलमात बंधुभाव वाढवणं हे कर्तव्य आहे, तसंच वैज्ञानिक दृष्टिकोन, शोधक वृत्ती आणि सुधारणेची वृत्ती जोपासणं हेही आहे. 2002 मध्ये त्यातच पालकांसाठी एक कर्तव्य वाढलं : सहा ते चौदा वयाच्या आपल्या मुलाला शिक्षणाची संधी देणं. म्हणून आमचा आणखी एक नियम आहे. परीक्षा असेल त्या रविवारी त्या मुलाला सुट्टी. समाजसेवेसाठी मुलाचा अभ्यास बुडवणं ही समाजसेवा नव्हे.

या कामाचा एक फायदा मला अनपेक्षित होता. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मणियार अशा आपल्यातल्या अनेक बिरादऱ्या महाराष्ट्रात इतर मागास वर्गात येतात. नव्वदच्या दशकात त्यासाठी उभ्या राहिलेल्या मुस्लिम ओबीसी चळवळीला, फळविक्रेत्याच्या घरात जन्मलेल्या दिलीपकुमार यांनी आपलं नाव आणि वेळ दिला होता. पण जातीच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा किंवा वास्तव्याचा पुरावा लागतो आणि आपल्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत पुष्कळदा जातीच्या रकान्यात फक्त ‘मुसलमान’ असतं. मग शोध सुरू होतो : आजोबांचे भाऊ, चुलत आजोबा, कुणाच्या तरी नोंदीत बिरादरीचं नाव असेल. आमच्या टेबलावरचा एक नववीतला मुलगा वडिलांबरोबर सोलापूर जिल्ह्यातल्या त्यांच्या मूळ गावी गेला. तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये त्याला त्याच्या पणजोबांच्या भावाची नोंद सापडली. परत आल्यावर तो दाखल्याबद्दल कमी आणि दुसऱ्याच गोष्टीबद्दल जास्त बोलत होता : “काका, त्या रजिस्टरमध्ये आमच्या माणसाच्या वर-खाली सगळ्या गावाची नावं होती. कुंभार, माळी, महार, लिंगायत. सगळे एकाच वर्गात.” आपण इथले कधीपासून, हा प्रश्न त्याला यापुढे कुणी विचारला तर त्याला चिडावं लागणार नाही. त्यानं ते पान हातानं उलटलं आहे.

टेबल मांडणं प्रत्येकाला जमेल असं नाही आणि त्याची गरजही नाही. सात-आठ वर्षांचं मूल शेजारच्या आजीला औषधाच्या पाकिटावरची मुदत वाचून दाखवू शकतं. अकरा-बारा वर्षांचं मूल पहिली-दुसरीतल्या दोन मुलांना रोज अर्धा तास मोठ्यानं धडा वाचायला लावू शकतं. पंधरा-सोळाचा मुलगा किंवा मुलगी घरातल्या आणि गल्लीतल्या रक्तदात्यांची वही ठेवू शकते : कुणाचा गट कोणता, शेवटचं रक्तदान कधी. पुरुषांना दोन रक्तदानांत 90 दिवसांचं आणि स्त्रियांना 120 दिवसांचं अंतर लागतं, हे तिला पाठ होईल, आणि अठरा पूर्ण झाल्यावर तिचं स्वतःचं नाव त्या वहीत येईल. सतरा वर्षांचं मूल मतदार नोंदणीचा सहा नंबरचा अर्ज आगाऊ भरू शकतं. स्वतःचा भरताना त्यानं अम्मीचं आणि दादीचं नाव यादीत आहे ना, नीट छापलंय ना, तेही बघावं. चुकलं असेल तर आठ नंबरचा अर्ज. आणि मोठ्यांनी काय करायचं? बरोबर बसायचं. मुलाला काम सांगून आपण मोबाइल बघत बसलो तर मूल काम शिकत नाही, मोबाइल शिकतं.

माझी दादी जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती मला दुवा द्यायची, “पढ-लिख के बडा हो.” मी झालो, आणि मध्ये बरीच वर्षं दुसऱ्यासाठी वाचणं विसरलो. तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिचं नाव चुकीचं आहे, हे मला मागच्या वर्षी मुलीनं केलेल्या तक्त्यामुळे कळलं. तिला आयुष्यभर कागद वाचून दाखवणाऱ्या मी तो एक कागद न वाचताच फाइलला लावला होता.

येत्या रविवारी घरातले सगळे कागद बाहेर काढा. सतरंजीवर ओळीनं मांडा. घरात वाचता येणारं सर्वांत लहान जे कुणी असेल त्याच्या हातात पेन्सिल द्या आणि त्याला मोठ्यानं वाचू द्या. घरचं झालं की शेजारचं दार वाजवा, कुणाचंही असो.